ग्रंथपालांचा सायलेन्सर

ग्रंथपालांनी आयुष्यात कोणाकडे कधी काही जास्तीचं मागितलं नव्हतं. दुकानदार दाखवेल तो शर्ट, न्हावी कापेल तेवढे केस आणि बायको म्हणेल तो भिंतींचा रंग, असा सरळ कारभार. त्यामुळे गॅरेजमध्ये मेकॅनिकने "जुन्यासारखाच टाकू, की जरा आवाजदार टाकू?" असं विचारलं आणि आपल्या तोंडून "टाका जरा आवाजदार" असं निघून गेलं, तेव्हा मेकॅनिकपेक्षा त्यांनाच जास्त नवल वाटलं.

प्रश्न सायलेन्सरचा होता. गाडी जुनी, सायलेन्सर तिच्याहून जुना वाटावा इतका गंजलेला. मेकॅनिक गाडीखाली वाकून त्याच्या भोकात बोट घालून बघत होता, आणि ग्रंथपाल बऱ्याच वेळापासून त्याच्या मागे उभे होते. मेकॅनिक उठून वळला तो दचकलाच.

"साहेब, आलात तर खोकायचं तरी."

"खोकलो होतो," ग्रंथपाल म्हणाले.

"काय?"

"खोकलो होतो."

मेकॅनिकने मान हलवली (म्हणजे ऐकू आलं नाही, पण विषय संपला) आणि कोपऱ्यातून एक चकचकीत नळकांडं उचलून आणलं. "हा बघा. आत अडथळे कमी, धुराला वाट सरळ. किंचाळणार नाही, घुमेल. गाडी येतेय हे माणसाला कळलं पाहिजे की नाही, साहेब?"

मेकॅनिक हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत असणार. पण ग्रंथपालांच्या ते वर्मी लागलं. कारण आपण आल्याचं एका माणसाला कळावं, यासाठी ते गेली काही वर्षं धडपडत होते. तो माणूस म्हणजे त्यांचे वडील, अण्णा.

अण्णांच्या कानांनी हळूहळू काम सोडलं होतं. आधी घड्याळ गेलं, मग दाराची बेल, मग माणसं. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण "यात भांडी पडलेली तेवढी ऐकू येतात, माणसं नाही" असं म्हणून अण्णांनी ते डबीत घालून ठेवलं होतं. आता बहिऱ्या माणसाचा मुलगा निदान खणखणीत बोलणारा असावा. इथे मुलाचं उभं आयुष्य वाचनालयात गेलेलं. 'शांतता राखा' ही पाटी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून लावली होती आणि ती वाचनालयात सगळ्यात मनापासून त्यांनीच पाळली. कुजबुजता कुजबुजता त्यांचा आवाज तेवढाच उरला. घरात अण्णांशी बोलायची ती सूनबाई. तिचा आवाज चांगला दणदणीत होता. सासरा-सुनेच्या गप्पा रंगायच्या आणि ग्रंथपाल बाजूला बसून, आपल्याच वडिलांच्या मनात काय चाललंय ते ऐकून घ्यायचे.

खरी पंचाईत संध्याकाळची. बायको त्यांच्यानंतर घरी यायची. ग्रंथपाल किल्लीने दार उघडून आत यायचे तेव्हा अण्णा खिडकीतल्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून समोरच्या इमारतीकडे बघत बसलेले असायचे. हाक मारून उपयोग नाही. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला की अण्णा ताडकन उडायचे. "चोरासारखा काय येतोस रे?" एकदा तर हातातला कप थेट खिडकीबाहेर गेला होता. ग्रंथपालांनी उपाय केले नाहीत असं नाही. लांबूनच दिव्याचं बटण चालू-बंद करून पाहिलं, तर अण्णांनी वायरमनला बोलावून ते बटणच बदलून घेतलं. खुर्ची दाराकडे फिरवून पाहिली, तर अण्णा म्हणाले, "दारात काय बघू? खिडकीत माणसं दिसतात."

दिवसभर एकटा बसलेला म्हातारा माणूस, आणि घरी आलेल्या मुलाने त्याला पहिलं काय द्यायचं तर धसका. ग्रंथपालांना याचं फार वाईट वाटायचं. ते कोणाला सांगत नसत, आणि सांगितलं असतं तरी ऐकू कोणाला येणार होतं?

तर अशा रीतीने नवा सायलेन्सर बसला. मेकॅनिकने गाडी चालू केली आणि गॅरेजमधले पत्रे थरथरले. "वा," मेकॅनिक डोळे मिटून म्हणाला. ग्रंथपालांना आता मागे फिरता येत नव्हतं. पुढे जायचंही फारसं येत नव्हतं म्हणा.

गाडी वाचनालयाशी आली तेव्हा वाचनकक्षातली सगळी डोकी एकदम वर झाली. ग्रंथपालांनी सवयीने ओठांवर बोट ठेवलं आणि स्वतःच्याच गाडीला "शू" केलं. मग ती बंद करून उरलेलं अंतर ढकलत नेली. (एका वाचकाने येऊन मदत केली. तो वर्तमानपत्रवाला वाचक होता, त्याला तशीही एकाग्रता नसते.)

संध्याकाळी मात्र गंमत झाली. गाडी घुमत गल्लीत शिरली, इमारतीखाली लागली, ग्रंथपाल चोरासारखे जिना चढले आणि किल्ली काढतात तोच दार उघडलं. दारात अण्णा उभे.

"आलास?" अण्णा म्हणाले. "ये."

आणि त्यांनी ग्रंथपालांच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात पाठीवरून शेवटचा कधी फिरला होता, ते ग्रंथपालांना आठवेना. आत जाऊन ते नुसते खुर्चीत बसून राहिले. अण्णा त्यांच्याकडे अधूनमधून बघत होते, जरा काळजीने बघावं तसे, पण एवढं बारीक बघण्याच्या मनःस्थितीत ग्रंथपाल नव्हते. आपला आवाज अण्णांपर्यंत पोचला, एवढं एकच त्यांना कळत होतं. गळ्यातून नाही पोचला, नळकांड्यातून पोचला. हरकत नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही अण्णा दारात. खुर्चीतून उठून, काठी घेऊन, दार उघडून. ग्रंथपाल जरा ताठ चालायला लागले. आल्यावर खिडकीपाशी उभं राहून ते समोरच्या इमारतीकडे पाहायचे तेव्हा तिथल्या सगळ्या खिडक्या घट्ट लावलेल्या दिसायच्या. डासांचे दिवस असावेत, असं त्यांना वाटलं.

बायकोचा या गाडीशी परिचय सुट्टीच्या दिवशी झाला. ती विमा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करायची. गाडी चालू होताच तिने आधी स्वतःच्या बाजूचं दार उघडून खाली पाहिलं.

"अहो, काहीतरी पडलंय आपल्या गाडीचं."

"पडलं नाही. बसवलंय."

"मुद्दाम?" ती म्हणाली. "दिवसभर लोक माझ्या कानात ओरडतात. संध्याकाळी तुमच्यासारखा नवरा मिळतो म्हणून मी टिकून आहे. आणि तुम्ही हे आणलंत?"

ग्रंथपालांनी तिला अण्णांचं सांगितलं. ते तिला ऐकू आलं नाही, कारण गाडी चालू होती. बंद करून पुन्हा सांगितलं. ती काहीच बोलली नाही. बायको काही बोलत नाही म्हणजे पटलं, की नंतर एकदम बोलणार आहे, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही ग्रंथपालांना ओळखता येत नसे.

मग एका सकाळी समोरच्या इमारतीतले सेक्रेटरी आले. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. बोलताना ते समोरच्याला छडीसाठी हात पुढे करून उभं राहायला लावतील असं वाटायचं.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," सेक्रेटरी म्हणाले. "पोरंटोरं गाड्यांना असलं काही लावतात ते मी समजू शकतो. पण तुम्ही? शिंपीणबाईंचं त्या धडाक्याने माप चुकतं. नर्सबाई रात्रपाळीच्या आधी जरा पडलेल्या असतात, त्या उठून बसतात. आणि तुमचे वडील, किती सज्जन माणूस. रोज खिडकीतून आम्हाला हात जोडतात. त्यांच्याकडे बघून इतके दिवस गप्प होतो. रविवारी बैठक आहे. या."

बैठक जिन्याखालच्या मोकळ्या जागेत भरली. ग्रंथपाल उभे राहिले आणि बोलू लागले. पहिल्या ओळीतल्या माणसांनी कानाशी हात नेला, मागच्यांनी "मोठ्याने" म्हटलं. शेवटी बायको उठली.

"मी सांगते. तुम्ही बोला."

"मला आपल्याला त्रास द्यायचा नव्हता," ग्रंथपाल पुटपुटले.

"म्हणतायत, त्यांची चूक आहे," बायकोने गर्जना केली.

"तसं नाही म्हणालो."

"म्हणतायत, तसं नाही म्हणाले. पण चूक आहेच. पुढे?"

"अण्णांना काही ऐकू येत नाही," ग्रंथपाल म्हणाले. "माझं तर मुळीच नाही. मी रोज मागून जातो आणि ते घाबरतात. मला वाटायचं, आपल्या वडिलांना रोज आपली भीती वाटते."

बायकोने हे निम्मं सांगितलं आणि तिचा आवाज उतरला. पुढचं वाक्य तिने ग्रंथपालांपेक्षाही हळू म्हटलं. मग ती खालीच बसली. बैठक आपोआप पुढे सरकली, खुर्च्या जवळ आल्या.

"हा आवाज त्यांना ऐकू येतो," ग्रंथपाल म्हणाले. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते दारात येऊन उभे राहतात. मी दुसरं काही मागत नाही. संध्याकाळी एकदा गाडी येईल, तेवढं चालवून घ्या. सकाळी मी ढकलत नेईन."

शिंपीणबाईंनी गळ्यातल्या मापाच्या टेपने डोळे पुसले. नर्सबाई म्हणाल्या, "येऊ दे हो आवाज. मी झोपेन त्यात." सेक्रेटरींनी घसा साफ केला. "ठराव असा," ते म्हणाले, "की गाडीला कोणाचीही हरकत नाही. आणि आणखी एक. गाडी आली की आपण सगळे धडाधड खिडक्या लावतो, ते आजपासून बंद. वाईट दिसतं ते. एक मुलगा बापासाठी एवढं करतोय, आणि आपण त्याच्या तोंडावर खिडक्या लावायच्या?"

ठराव एकमताने पास झाला. डासांचा उलगडा ग्रंथपालांना तेव्हा झाला, पण लोकांच्या चांगुलपणाने त्यांचं मन इतकं भरून आलं होतं की त्यांनी त्यावर जास्त विचार केला नाही. केला असता तर पुढचं बरंच काही वाचलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी गल्लीत शिरली. समोरच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. सेक्रेटरी हसून मान डोलावतायत, नर्सबाई गॅलरीतून हात हलवतायत. ग्रंथपाल जिना चढले. दार बंद. त्यांनी जरा वाट पाहिली, मग किल्लीने उघडलं. अण्णा खिडकीत, दाराकडे पाठ. खांद्यावर हात ठेवला तर असे उडाले की चष्मा मांडीवर पडला.

"चोरासारखा काय येतोस रे?"

त्याच्या पुढच्या दिवशी तेच, आणि त्याच्याही पुढच्या. ग्रंथपालांनी एकच अर्थ काढला. अण्णांचे कान उरलेसुरलेही गेले. मधल्या थोड्या दिवसांत एक बारीकशी फट उघडली होती, तीही बुजली. वाचनालयात त्या आठवड्यात त्यांनी एक पुस्तक दोघांना दिलं आणि एकाचं परत घेतलंच नाही.

मग ते गॅरेजमध्ये गेले.

"अजून मोठा," ते म्हणाले.

मेकॅनिकला हे पहिल्याच वेळी स्वच्छ ऐकू आलं. त्याने आदराने ग्रंथपालांकडे पाहिलं, मग गाडीखाली शिरून काय होतं नव्हतं ते काढलं. "आता इंजिनात आणि बाहेर मध्ये काहीही नाही," तो म्हणाला, जसं काही एखादं मोडलेलं लग्नच जुळवून दिलं होतं.

त्या संध्याकाळी गाडी हमरस्त्यावर असतानाच गल्लीतले कुत्रे निघून गेले. समोरच्या इमारतीतल्या लोकांची मात्र कमाल म्हणायची. खिडक्या उघड्या, चेहऱ्यावर हसू, फक्त ते हसू दात दाबून धरलेलं. सेक्रेटरींच्या कानात कापूस होता. शिंपीणबाईंनी मशीन थांबवून दोन्ही हात कानांवर ठेवले होते, आणि हात मोकळे नाहीत म्हणून त्या मानेनेच ग्रंथपालांना धीर देत होत्या. वरच्या मजल्यावर एका खिडकीची काच तडकली, तर तिचा मालक "जुनीच होती" म्हणाला. गल्लीत आता सगळेच थोडेफार बहिरे झाले होते. आणि अण्णा खुर्चीत. दाराकडे पाठ.

"कानाच्या डॉक्टरकडे नेऊ या," बायको म्हणाली. "आता पुढे फक्त तोफ उरली."

तिघं गेले. डॉक्टर दवाखान्याच्या दारातच उभे होते. "मघाशी ते काय आलं होतं इथे?" त्यांनी विचारलं. "आम्ही," ग्रंथपाल म्हणाले.

डॉक्टरांनी अण्णांना काचेच्या खोलीत बसवून सगळ्या तपासण्या केल्या. मग जुने कागद काढून ताडून पाहिले. "कान मागच्या वेळी होते तसेच आहेत," ते म्हणाले. "काही बिघडलेलं नाही."

"पण मधे त्यांना गाडीचा आवाज येत होता," ग्रंथपाल म्हणाले.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी बायकोला विचारलं. तिने सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. "शक्य नाही. यांना गाडी ना आत्ता ऐकू येतेय, ना तेव्हा येत होती. मघाशी त्या आवाजाने मी खुर्चीतून उठून दारात आलो, आणि हे गाडीत शांत बसलेले."

बायको अण्णांच्या कानाशी वाकली. "अण्णा, मधे तुम्ही रोज दारात येऊन उभे राहायचात. हे आलेत, ते तुम्हाला कळायचं कसं?"

"कसं म्हणजे? खिडक्यांवरून."

"खिडक्या?"

"समोरच्या. रोज संध्याकाळी एकामागून एक लागायच्या. आधी शिंपीणबाईंची, मग मास्तरांची, मग वरच्या सगळ्या. आणि पाठोपाठ हा यायचा." अण्णांनी ग्रंथपालांकडे पाहून आवाज खाली आणला, म्हणजे आता तो फक्त बाहेरच्या पेशंटांपर्यंत गेला. "पहिल्या दिवशी मला काही कळेना, म्हणून खाली वाकून पाहिलं तर याची गाडी. मग लक्षात आलं की याला बघूनच लावतायत. म्हटलं, याचं लोकांशी काहीतरी बिनसलंय. विचारणार कसं? पोरगा लहानपणापासून मनातलं सांगत नाही. मी आपला खिडकीतून रोज सगळ्यांना हात जोडायचो, की बाबांनो, काही चुकलं असेल तर पोटात घाला. आणि उठून दारात यायचो. सगळी गल्ली खिडक्या लावते, तर घरी आल्यावर याला निदान आपलं दार तरी उघडं दिसावं."

डॉक्टर आपल्या कागदांकडे बघू लागले. बायकोने पदर तोंडाला लावला. ग्रंथपालांना हसू येत होतं की रडू, ते त्यांचं त्यांना कळत नव्हतं. त्यांनी अण्णांचा हात धरला.

"मग यायचं का थांबवलंत?" बायकोने विचारलं.

"मग एक दिवस खिडक्या उघड्याच राहिल्या. मास्तर हसतायत, ती नर्स हात करतेय. म्हटलं, चला, मिटलं एकदाचं. आता मी कशाला उठू? गुडघे दुखतात."

बायकोने त्यांना सगळं नीट समजावलं. सायलेन्सर, मेकॅनिक, बैठक, ठराव. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गाडीचा आवाज?" ते म्हणाले. "मी रोज खिडकीत बसतो. मला तर कधी आला नाही." आणि मग ग्रंथपालांच्या हातावर थोपटत, "असू दे. नसेल सांगायचं तर नको सांगूस."

दुसऱ्याच दिवशी ग्रंथपालांनी गाडीला साधा, गुमसुम सायलेन्सर बसवून घेतला. (मेकॅनिकने निरोपाला यावं तसा चेहरा केला होता.) बायकोने समोरच्या इमारतीत जाऊन सेक्रेटरींना विनंती केली की गाडीचा त्रास संपला, आता फक्त संध्याकाळी हे दिसले की खिडक्या तेवढ्या लावत जा. सेक्रेटरींनी ती दोनदा सांगायला लावली. पण पुन्हा ठराव झाला, आणि तोही एकमताने.

त्या संध्याकाळी गाडी चिडीचूप गल्लीत शिरली. शिंपीणबाई वाटच बघत होत्या. त्यांची खिडकी लागली, मग मास्तरांची, मग वरच्या सगळ्या. इतक्या दिवसांचा मनात दाबलेला राग असा काही निघाला की तडकलेली काच तेवढी पूर्ण निखळली. ग्रंथपाल जिना चढले. किल्ली खिशातच राहिली.

दारात अण्णा उभे होते, काठी टेकून. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा मागे वळून खिडकीकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"पुन्हा बिनसलं?" ते म्हणाले. त्यांचा हात ग्रंथपालांच्या पाठीवरून फिरला. "असू दे. ये आत. उद्या जाऊन माफी मागून टाक."